तबकडीशीं जुळणारें यंत्र

ग्रामोफोनची जुनी काळी तबकडी हातांतून निसटून फुटली, म्हणजे तिची मोडलेली कड दगडासारखी रवाळ दिसते. याचें कारण तिच्या घडणींतच आहे. दगडाची बारीक पूड, काजळी आणि कापसाचे थोडे तंतु हें सारें एकत्र बांधून ठेवणारा पदार्थ म्हणजे लाख. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक अतिसूक्ष्म किडा वस्ती करतो, झाडाचा रस शोषतो आणि स्वतःभोंवतीं राळेसारखें कवच तयार करतो. तें कवच खरवडून, धुऊन आणि वितळवून जी चपडी लाख निघते, तीच सोनाराच्या आणि सुताराच्याहि उपयोगीं पडते. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील रानांना हीं तिन्ही झाडें परकीं नाहींत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढें अर्धशतकभर जगांतील बहुतेक तबकड्या लाखेच्याच असत. भारतांत तर १९७० च्या सुमारापर्यंत त्या निघत राहिल्या. १९४२ सालीं महायुद्धामुळें भारतांतील लाख अमेरिकेंत पोंचेनाशी झाली, तेव्हां तेथें लाखेच्या वापरावर निर्बंध आले आणि लोकांकडून जुन्या तबकड्या परत घेऊन, त्या दळून त्यांतून नव्या काढाव्या लागल्या.

तबकडीप्रमाणें तिचें यंत्रहि रानाशीं नातें सांगतें. आपल्या देशांत बनलेल्या ग्रामोफोनच्या आणि रेडिओच्या पेट्यांना सागवान पसंत असे, कारण तें उन्हापावसांत फारसें वाकत नाहीं आणि वाळवी त्याला सहसा लागत नाहीं. आलापल्ली-बल्लारशाच्या सागवानाची ख्याति तर सर्वश्रुतच आहे. पोलादी सुईनें तबकडी झिजूं नये म्हणून युरोप-अमेरिकेंत जी ‘फायबर’ सुई वापरीत, ती वस्तुतः तिकोनी कापलेली बांबूची काडी असे. लाख, साग आणि बांबू यांच्या मुलुखांत राहणाऱ्या एखाद्या रसिकानें जुन्या ध्वनियंत्रांचा संग्रह आरंभिला, तर त्यांत नवल कांहींच नाहीं. अडचण येते ती पुढें : निरनिराळ्या ठिकाणांहून मिळालेले भाग एकमेकांशीं जुळवावे कसे?

शंकरपटासाठीं बैल निवडणारा शेतकरी या प्रश्नाचें उत्तर चटकन् देईल. एक बैल वाऱ्यासारखा चपळ आणि दुसरा मंद असला, तर ती जोडी सरळ धांवत नाहीं. त्यापेक्षां मध्यम चालीचे पण सारख्या पावलाचे दोन बैल बरे. ध्वनियंत्राचेंहि तसेंच आहे. तबकडी फिरविणारी चकती, खांचेंत चालणारी सुई, सुईचें कंपन टिपणारा भाग, तें कंपन मोठें करणारें यंत्र आणि शेवटीं आवाज बाहेर टाकणारा कर्णा किंवा लाउडस्पीकर, अशी ही पांच कड्यांची सांखळी असते. प्रत्येक कडी पुढच्या कडीच्या ताकदीस पुरेल अशी असावी लागते. नवखा संग्राहक येथेंच फसतो. नांवाजलेली चकती, महागडा पिकअप आणि थोर कारखान्याचा लाउडस्पीकर तो एकत्र आणतो आणि आवाज मात्र किरटा कां येतो, म्हणून हळहळत बसतो.

म्हणून पहिला नियम असा, कीं आरंभ यंत्रापासून न करतां तबकड्यांपासून करावा. संग्रहांत ज्या तबकड्या अधिक असतील त्यांच्या काळाचें यंत्र निवडावें. या दृष्टीनें तबकड्यांच्या स्थूलमानानें तीन पिढ्या पडतात.

पहिली पिढी चावीच्या यंत्राची. भारतांत तबकड्यांसाठीं ध्वनिमुद्रण सुरू झालें तें १९०२ सालीं कलकत्त्यास. फ्रेड गायसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ त्यासाठीं आला होता, आणि गौहरजान ही त्यावेळीं गायलेल्या कलावंतांपैकीं सर्वांत प्रसिद्ध. त्या काळीं गाणारा कर्ण्याच्या तोंडाशीं उभा राहून गात असे. विजेचा त्यांत संबंधच नसे. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला आणि मुद्रणांत खर्जाचे व तारसप्तकाचे स्वर पूर्वींपेक्षां पुष्कळ अधिक उतरूं लागले. यंत्रांनाहि मग त्याप्रमाणें बदलावें लागलें. हिज मास्टर्स व्हॉइसच्या ‘१०१’ या पेटीवजा यंत्रास चार नंबरचा साउंडबॉक्स असे व त्याचा पडदा अभ्रकाचा असे. १९३१ सालीं निघालेल्या ‘१०२’ यंत्रास पांच नंबरच्या जातीचा, अॅल्युमिनियमच्या पडद्याचा साउंडबॉक्स असे. साउंडबॉक्स, पोकळ दांडा आणि पेटींत दडविलेला कर्णा हीं एकमेकांच्या मापानें बनविलेलीं असतात. मायक्रोफोनपूर्व काळचा ‘एक्झिबिशन’ साउंडबॉक्स ‘१०२’ वर चढविला, तर यंत्र वाजेल खरें, पण मंद्र स्वर हरवतील.

जोड न जुळल्याचें ठळक उदाहरण म्हणजे बाजारांत जुनीं म्हणून विकलीं जाणारीं नवीं बनावट यंत्रें. चकचकीत पितळी कर्णा, नवी कोरी पेटी, ओबडधोबड जाड दांडा आणि आंत मात्र एखाद्या मोडीत निघालेल्या प्रवासी ग्रामोफोनची मोटर, असा त्यांचा थाट असतो. कुत्र्याच्या चित्राचा बिल्ला पाहून भुलूं नये. सर्व भाग एकाच वयाचे दिसतात कीं नाहीं, स्क्रूंचीं तोंडें, लांकडाचा रंग आणि धातूवरील झीज सारखी आहे कीं नाहीं, हें शांतपणें पाहावें.

या यंत्राची सुई ही स्वतंत्र गोष्ट आहे. लाखेच्या तबकडींत दगडाची पूड मुद्दामच मिसळलेली असते. ती पोलादी सुईला घांसून तिला खांचेच्या आकाराची करते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूची खांच उलगडून सरळ पसरली, तर ती शंभर मीटरांहून अधिक भरेल. एवढी वाट दगडाच्या पुडींतून, आणि शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनहि अधिक भाराखालीं चालल्यावर सुईचें टोंक चपटें होतें आणि त्याला धारदार कडा फुटतात. तीच सुई पुन्हां वापरली, तर त्या कडा खांचेच्या भिंती खरवडून काढतात, आणि तबकडीवर जी करडी झांक दिसते ती याच अपराधाची खूण होय. म्हणून एक सुई, एक बाजू, हा जुन्या लोकांचा दंडक कंजुषीनें मोडूं नये. बांबूची सुई पुन्हां पुन्हां छाटून चालविता येते व ती खांचेवर दया करते. परंतु तिचा आवाज मवाळ असतो, आणि मोठ्या आवाजांत मुद्रित झालेल्या तबकडीवर तिचें टोंक मध्येंच मोडतें. सौम्य सुई सौम्य तबकडीलाच शोभते.

दुसरी पिढी विजेच्या पिकअपची. येथें सुई हिऱ्याची किंवा नीलमण्याची असते आणि भार कांहीं ग्रॅमच असतो, त्यामुळें तबकडीचें आयुष्य कैक पटींनीं वाढतें. दुर्मिळ तबकडी ऐकावयाची तर ती चावीच्या यंत्रावर न ऐकतां अशाच यंत्रावर ऐकावी. मात्र तीन मापें जुळलीं पाहिजेत. पहिलें माप टोंकाच्या जाडीचें. लाखेच्या तबकडीची खांच रुंद असते. तिला सुमारें ७५ मायक्रॉन त्रिज्येचें गोल टोंक लागतें, तर १९४८ सालीं अमेरिकेंत निघालेल्या दीर्घवादन तबकडीला २५ मायक्रॉनचें. बारीक टोंक रुंद खांचेंत घातलें, तर तें तळाशीं लोळतें आणि भिंतींवरचें गाणें सोडून तळांतील धुळीचा आवाजच अधिक ऐकवितें.

दुसरें माप गतीचें. तबकडीवर मिनिटाला ७८ फेऱ्या असें लिहिलेलें असलें, तरी जुन्या काळीं ही संख्या सर्वत्र सारखी पाळली जात नसे. सुमारें साडेचार फेऱ्यांचा फरक पडला, कीं गायकाचा षड्ज अर्ध्या स्वरानें सरकतो, आणि मध्यम वयाच्या पुरुषाचा कंठ पोरसवदा वाटूं लागतो. म्हणून गति थोडीफार कमीअधिक करतां येईल अशीच चकती घ्यावी. ती तपासण्याचें साधन अगदीं सोपें आहे. कागदाच्या गोल तुकड्यावर कडेनें ७७ काळे पट्टे सारख्या अंतरानें आंखावे आणि तो आपल्याकडील ५० आवर्तनांच्या विजेवर चालणाऱ्या, शक्यतो निऑनच्या दिव्याखालीं फिरवावा. पट्टे स्थिर उभे दिसले, म्हणजे गति ७७.९२ फेऱ्या, अर्थात् बरोबर ७८ च्या जवळ आहे असें समजावें. त्यानंतर स्वर कानानें पडताळावा. हार्मोनियमच्या कोणत्या पट्टीशीं साथ जुळते हें पाहिलें, तर मूळ गतीचा अंदाज लागतो.

तिसरें माप स्वरांच्या तोलाचें. खर्जाच्या स्वरांनीं खांच फार रुंद हेलकावे घेते, म्हणून मुद्रण करतांना ते स्वर दाबून आणि उंच स्वर उचलून नोंदवितात. वाजवितांना त्याच्या उलट क्रिया करून तोल सांवरावा लागतो. हा तोल किती, हें प्रत्येक कंपनी पूर्वीं आपापल्या मतानें ठरवी. १९५४ नंतर एक सर्वमान्य प्रमाण हळूहळू रूढ झालें. त्यामुळें १९६० नंतरच्या यंत्रावर लाखेची तबकडी लावली, तर खर्ज फुगलेला आणि वरचे स्वर दबलेले ऐकूं येतात. खर्जाचा व तारेचा असे दोन वेगळे खटके असलेलें यंत्र निवडलें, तर ही उणीव बरीच भरून निघते.

तिसरी पिढी दुहेरी आवाजाची, म्हणजे स्टिरिओची. अशा तबकड्या १९५८ सालापासून बाजारांत पसरल्या. त्यांच्या खांचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज असतात, म्हणून सुईला आडवें आणि उभें असें दोन्ही प्रकारें हलावें लागतें. एकेरी आवाजाच्या जुन्या पिकअपला उभें हलतां येत नाहीं. तो अशा तबकडीवर ठेवला, तर पहिल्याच फेरींत तिला दुखापत करतो. यापुढील मेळ पिकअप आणि ध्वनिवर्धक यांचा. ‘फिएस्टा’ सारख्या घरगुती पेटींत जो स्फटिकाच्या जातीचा पिकअप असे, तो शेंकडों मिलिव्होल्टांचा जोरकस संकेत देतो आणि त्याला सुमारें दहा लाख ओहमांचा रोध लागतो. चुंबकी पिकअप मात्र पांचएक मिलिव्होल्टच देतो आणि त्याला ४७ हजार ओहम मानवतात. पहिला दुसऱ्याच्या जागीं जोडला, तर आवाज फाटतो. दुसरा पहिल्याच्या जागीं जोडला, तर गाणें दूरच्या खोलींतून आल्यासारखें क्षीण वाटतें. यंत्रांत दोष नसतांहि केवळ या एका कारणानें चांगलीं यंत्रें नादुरुस्त म्हणून भंगारांत गेलेलीं आहेत.

शेवटची जोड ध्वनिवर्धक आणि लाउडस्पीकर यांची. एका व्हॉल्व्हचें साधें यंत्र चार-पांच वॉट देतें. इंग्लंडांत १९५३ सालीं निघालेलें क्वाडचें नामांकित यंत्रहि १५ वॉटांचेंच होतें. कानाला आवाज दुप्पट वाटावा, तर शक्ति सुमारें दहापट लागते. त्यामुळें वॉटांच्या आंकड्यांपेक्षां लाउडस्पीकर थोडक्या शक्तींत किती बोलका आहे, हेंच अधिक महत्त्वाचें. चार वॉटांच्या यंत्राला हलक्या कागदी शंकूचा मोठा स्पीकर आणि ऐसपैस सागवानी पेटी द्यावी. लहान बंद पेटींतील जड स्पीकर त्याला ओढवत नाहीं. यंत्राच्या मागें ४, ८ किंवा १५ ओहम असें लिहिलेलें असतें. स्पीकरचा आंकडा पाहूनच तार त्या ठिकाणीं जोडावी.

या खटाटोपांत जिवाचा धोकाहि आहे. व्हॉल्व्हच्या यंत्रांत अडीचशें ते चारशें व्होल्टांचा दाब खेळतो, आणि तो बटण बंद केल्यावरहि कांहीं काळ आंत साठून राहतो. कांहीं स्वस्त जुन्या रेडिओंचा पत्र्याचा सांगाडा थेट विजेच्या तारेलाच जोडलेला असतो. वर्षानुवर्षें माळ्यावर पडलेलें यंत्र खाली आणून लगेच विजेला जोडणें, हा सर्वांत वाईट मार्ग होय. त्यांतील मेणकागदाचे कंडेन्सर गळके झालेले असतात. ते बदलल्यावांचून वीज दिली, तर शेवटचा व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर दोन्हीं जळण्याचा संभव असतो. जुन्या पिढींतील एखादा रेडिओ-मेकॅनिक तालुक्याच्या गांवीं अजून हयात असेल, तर त्याच्याकडे आधीं जावें. चावीच्या यंत्राची पोलादी कमानहि निष्काळजीपणें उघडूं नये. ती सुटली तर बोटें कापते.

चंद्रपूरचा उन्हाळा आणि गडचिरोलीचा पावसाळा हे दोघेहि या संग्रहाचे वैरी आहेत. वैशाखांत पारा ४५ अंशांच्या वर चढतो, तेव्हां आडव्या रचलेल्या तबकड्या पापडासारख्या वांकतात. म्हणून त्या आंतल्या भिंतीशीं, उभ्या आणि एकमेकींना आधार देऊन ठेवाव्या. पावसाळ्यांत त्यांवर बुरशी धरते, तेव्हां कागदी पाकिटें बदलावीं. धुण्यासाठीं थोडें कोमट स्वच्छ पाणी आणि मऊ फडकें पुरे. मधल्या कागदाला पाणी लागूं देऊं नये. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधींहि लावूं नये. स्पिरिटांत लाख विरघळते, हें पॉलिश करणाऱ्या प्रत्येक सुताराला ठाऊक आहे. तबकडीवर तोच प्रयोग केला, तर गाणेंच पुसलें जातें. ग्रामोफोनच्या साउंडबॉक्समधील रबरी कडीं उष्णतेनें दगडासारखीं होतात व पडदा खडखडूं लागतो. तीं बदलणें सोपें व स्वस्त आहे. वीज कमीजास्त होणाऱ्या गांवीं व्होल्टेज सांवरणारें यंत्र मध्यें ठेवावें.

एवढे श्रम कशासाठीं, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर या मुलुखाच्या रंगभूमीनेंच द्यावें. धान घरांत आलें म्हणजे झाडीपट्टींत अजूनहि रात्र-रात्र नाटकें होतात. वडसा हें त्या मंडळ्यांचें ठाणें. ऑर्गन-तबल्यावर पदें गाण्याची चाल तेथें पुष्कळ दिवस जिवंत राहिली. ज्यांच्या पदांनीं ही चाल महाराष्ट्रभर पसरली त्यांपैकीं मास्टर दीनानाथ १९४२ सालीं निवर्तले, खांसाहेब अब्दुल करीमखां १९३७ सालीं. त्यांचा आवाज आज उरला आहे तो मुख्यतः लाखेच्या तबकड्यांवरच. एका बाजूला जेमतेम सवातीन मिनिटें मिळत. तेवढ्यांत पद, आलाप आणि तान बसवावी लागे. त्यांतलें जें कांहीं खांचेंत उतरलें, तें जुळत नसलेल्या सुईनें एकदां खरवडलें कीं जगांतला कोणताहि कारागीर परत आणूं शकत नाहीं. यंत्राचा प्रत्येक भाग बदलतां येतो, खांच मात्र बदलतां येत नाहीं. जोड जुळविण्याचा सारा हट्ट या एका गोष्टीसाठीं आहे.

म्हणून घरांत जुन्या तबकड्या सांपडल्या, तर त्या वाजवून पाहण्याची घाई न करतां आधीं त्यांची यादी करावी. मधल्या कागदावरील कंपनीचें नांव, गायकाचें नांव, पदाची पहिली ओळ आणि तबकडीचा क्रमांक लिहून घ्यावा. कागदाच्या शेजारीं काळ्या भागांत कोरलेले बारीक आंकडेहि टिपावे, कारण मुद्रणाचा काळ पुष्कळदां त्यांवरूनच ठरतो. हिज मास्टर्स व्हॉइस, ओडियन, कोलंबिया, यंग इंडिया असें कोणतेंहि नांव असलें तरी तबकडी हलकी मानूं नये. मुंबईंत १९९० सालीं स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेच्या मंडळींनीं अशाच याद्यांतून मराठी ध्वनिमुद्रणाचा बराच इतिहास उजेडांत आणला आहे. यादी झाल्यावर कोणत्या पिढीच्या तबकड्या अधिक आहेत तें दिसेल, आणि यंत्र कोणतें घ्यावयाचें हें मग दुकानदाराला विचारावें लागणार नाहीं.